शिफारसपत्र व संदर्भ (नोकरी)

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या कामाविषयी व वर्तनाविषयी, त्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीने नियोक्त्याला दिलेल्या माहितीस संदर्भ असे म्हणतात. ही माहिती पत्ररूपाने दिली असल्यास त्या पत्राला शिफारसपत्र म्हणतात. माहिती देणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख या लेखात संदर्भदाता असा केला आहे. उमेदवाराचा पूर्वीचा वरिष्ठ अधिकारी, मुख्याध्यापक, प्राध्यापक, प्रकल्प मार्गदर्शक किंवा क्वचित सहकारी अथवा ग्राहक संदर्भदाता असतो.

गुणपत्रक, पदवी आणि मुलाखत यांतून उमेदवाराची पात्रता समजते. पण रोजच्या कामातील सचोटी, वक्तशीरपणा, जबाबदारीची जाणीव आणि सहकाऱ्यांशी वागणूक या गोष्टी ज्याने ते काम जवळून पाहिले आहे त्यालाच ठाऊक असतात. त्यामुळे संदर्भ हा स्वरूपाने साक्षीसारखा आहे. उमेदवाराचे भवितव्य, नव्या नियोक्त्याचा विश्वास आणि संदर्भदात्याची स्वतःची पत या तिन्ही गोष्टी त्या साक्षीच्या खरेपणावर अवलंबून असतात.

## संज्ञा

‘शिफारस’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याच्या जवळपास वावरणारा ‘वशिला’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ साधन किंवा माध्यम असा होतो. मराठी व्यवहारात मात्र या दोन शब्दांचे अर्थ हळूहळू दुरावले. शिफारस उघडपणे करता येते. वशिला लावला जातो. केवळ ओळखीच्या बळावर पद मिळवलेल्या माणसाला ‘वशिल्याचे तट्टू’ म्हणण्याची रीत आहे.

‘दाखला’ हा शब्द अधिकृत लेखी पुराव्यासाठी वापरतात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला आपल्या वर्तनाविषयीचा पहिला लेखी अभिप्राय बहुधा शाळा सोडल्याच्या दाखल्यातच मिळतो. त्यात अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक असे रकाने असतात आणि दोन्हींपुढे बहुतेक वेळा ‘चांगली’ असे लिहिलेले असते. सर्वांना सारखाच दिलेला अभिप्राय निवडीच्या कामी येत नाही, ही शिफारसपत्रांचीही मुख्य अडचण आहे.

## इतिहास

### चाकरांचे दाखले

घरगुती चाकराला नवे काम मिळण्यासाठी आधीच्या मालकाचा लेखी अभिप्राय लागणे, ही युरोपातील जुनी प्रथा होती. इंग्लंडमध्ये अशा अभिप्रायावर चाकराची उपजीविका अवलंबून असल्यामुळे बनावट दाखल्यांचा सुळसुळाट झाला. तो रोखण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७९२ साली स्वतंत्र कायदा केला. मालक असल्याची बतावणी करून खोटा दाखला देणे, सेवेचा कालावधी जाणूनबुजून खोटा लिहिणे आणि चाकराने स्वतः दाखल्यात फेरफार करणे यांस त्याखाली दंड होता.

फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने कामगारांसाठी नोंदपुस्तिका आवश्यक केली. कामगार कामावर असेपर्यंत ती मालकाकडे राहत असे आणि तो सोडून जाताना तीत तशी नोंद होत असे. पुस्तिकेविना फिरणारा कामगार भटका समजला जाण्याची भीती असे. मालकाच्या हाती कामगाराला अडवून धरण्याचे साधन देणारी ही पद्धत १८९० साली रद्द झाली. कामगाराची ओळख पटवणारा कागद त्याच्यावर ताबा ठेवणाराही ठरू शकतो, हे या पुस्तिकेच्या इतिहासातून दिसते.

### चिठ्ठी

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांकडे काम करणारे खानसामे, आया, माळी व घोडेवाले आपल्याजवळ पूर्वीच्या मालकांच्या चिठ्ठ्या जपून ठेवत. ‘चिठ्ठी’ या देशी शब्दावरून ‘चिट’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या शब्दाच्या अर्थांमध्ये चाकराला दिलेला दाखला हाही अर्थ नोंदवला असून शब्दाच्या मराठी रूपाचाही उल्लेख आहे. ज्याला इंग्रजी वाचता येत नसे अशा चाकराला आपल्या हातातील चिठ्ठीत आपली स्तुती आहे की निंदा, हे कळण्याचा मार्ग नव्हता. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे जाणण्याचा अधिकार उमेदवाराला असावा की नाही, हा आजचा वाद मुळात इतका जुना आहे.

### जहाजावरील शेरा

ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशाच्या सेवापुस्तिकेत प्रत्येक सफरीच्या अखेरीस कौशल्य आणि वर्तणूक या दोन बाबींवर कप्तानाचा शेरा पडे. सर्वसाधारण शेरा ‘अतिशय चांगले’ असाच असे. कप्तान नाराज असल्यास तो वाईट लिहीत नसे. ‘अभिप्राय देण्यास नकार’ एवढेच शब्द उमटत, आणि तेवढ्यावरून पुढचे जहाज मिळणे अवघड होई. कोकण व गोव्यातील अनेक पिढ्यांनी मुंबई बंदरातून अशा जहाजांवर नोकरी केली.

### मुकादम ते सेवायोजन कार्यालय

मुंबईच्या कापड गिरण्यांत भरतीचे काम दीर्घकाळ मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या, हाती होते. गावाकडून आलेला तरुण नातेवाइकाच्या किंवा गाववाल्याच्या खोलीत उतरे आणि त्याच्याच ओळखीने मुकादमापर्यंत पोहोचे. या व्यवस्थेत शब्द टाकणारा माणूस जामीनही असे. नवा कामगार नीट वागला नाही तर त्याचीही पत जाई. याच व्यवस्थेत लाचखोरीही रुजली. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातील भरतीवर टीका केली आणि हे काम त्याच्याकडून काढून घेऊन कामगार अधिकारी नेमण्याची सूचना केली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली रोजगार विनिमय केंद्रांना रिक्त पदे कळवण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा झाला. सार्वजनिक क्षेत्रातील आणि ठरावीक आकाराच्या खाजगी आस्थापनांतील रिक्त जागांची माहिती केवळ आतल्या ओळखीच्या वर्तुळात राहू नये, हा त्यामागील हेतू होता. मात्र जागा कळवणे बंधनकारक झाले, तरी त्या केंद्रामार्फतच भरावी अशी सक्ती कायद्यात नव्हती.

## प्रकार

सेवा किंवा अनुभव प्रमाणपत्र – यात पदनाम, रुजू झाल्याची व सेवा सोडल्याची तारीख आणि कामाचे स्वरूप एवढीच माहिती असते. त्यात गुणदोषांचे विवेचन नसते. त्याच्या जोडीने कार्यमुक्ती पत्र दिले जाते. कर्मचाऱ्याला सेवेतून रीतसर मोकळे केल्याचा तो पुरावा असतो.

शिफारसपत्र – संदर्भदाता उमेदवाराच्या कामाचे मूल्यमापन करून ते स्वतःच्या सहीने देतो. ते उमेदवाराच्या हाती दिलेले खुले पत्र असू शकते किंवा थेट नियोक्त्याकडे अथवा विद्यापीठाकडे पाठवलेले गोपनीय पत्र असू शकते.

संदर्भांची यादी – बायोडेटाच्या शेवटी दोन किंवा तीन व्यक्तींची नावे, हुद्दे व संपर्क दिले जातात. निवड अंतिम टप्प्यात आली की नियोक्ता दूरध्वनीने किंवा ईमेलने त्यांच्याकडे चौकशी करतो.

चारित्र्य प्रमाणपत्र – शासकीय सेवेत निवड झालेल्या उमेदवाराला साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. त्यात त्याला ओळखणाऱ्या जबाबदार व्यक्तींचा निर्देश करावा लागतो आणि पुढे पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी होते.

शैक्षणिक शिफारसपत्र – परदेशातील विद्यापीठांत प्रवेश घेताना प्राध्यापकांची दोन-तीन पत्रे मागितली जातात. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला आहे. मात्र शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तो स्वेच्छेने सोडू शकतो. हक्क सोडल्यास पत्र अधिक मोकळेपणाने लिहिले गेले असे मानले जाते, म्हणून अर्जात हा प्रश्न विचारलेला असतो.

## शिफारस आणि वशिला

या दोहोंतील फरक तीन कसोट्यांवर स्पष्ट होतो. पहिली कसोटी ज्ञानाची आहे. शिफारस करणाऱ्याने उमेदवाराचे काम स्वतः पाहिलेले असते. वशिला लावणाऱ्याला त्याची गरज भासत नाही, त्याचा हुद्दाच पुरेसा असतो. दुसरी कसोटी उघडपणाची. शिफारस कागदावर येऊ शकते आणि तिच्याविषयी प्रश्न विचारता येतात. वशिल्याचा शब्द कानोकान जातो. तिसरी कसोटी निर्णयाच्या स्वातंत्र्याची. शिफारस ऐकून नियोक्ता नकार देऊ शकतो. वशिल्यात नकाराची किंमत मोजावी लागेल ही धास्ती अध्याहृत असते.

शासकीय सेवेत ही सीमारेषा नियमांनीच आखली आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनुसार, आपल्या सेवाविषयक बाबींत फायदा व्हावा म्हणून वरिष्ठांवर राजकीय किंवा अन्य बाह्य दडपण आणण्यास कर्मचाऱ्याला मनाई आहे. स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातींतही वशिलेबाजीचा प्रयत्न केल्यास उमेदवारी रद्द होईल, अशी सूचना असते.

## संदर्भ मागण्याची पद्धत

संदर्भदात्याची निवड हुद्द्यावरून करण्यापेक्षा परिचयाच्या खोलीवरून करणे हितावह मानले जाते. संस्थेच्या अध्यक्षांनी लिहिलेल्या मोघम चार ओळींपेक्षा, ज्यांच्या हाताखाली रोज काम केले त्या पर्यवेक्षकांनी दिलेला एक ठोस दाखला अधिक वजनदार ठरतो. नातेवाइकांचे संदर्भ सामान्यतः ग्राह्य धरले जात नाहीत. नवपदवीधराला नोकरीचा अनुभव नसल्यास प्रकल्प मार्गदर्शक, उमेदवारीच्या काळातील पर्यवेक्षक किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी यांची नावे देता येतात.

ज्या व्यक्तीचे नाव द्यायचे तिची आधी परवानगी घेणे हा या व्यवहारातील पहिला शिष्टाचार आहे. पूर्वकल्पना नसताना आलेल्या दूरध्वनीवर संदर्भदाता अडखळतो, आणि ते अडखळणे ऐकणाऱ्याला प्रतिकूल वाटू शकते. चालू नोकरीतील वरिष्ठांचे नाव देणे नाजूक असते, कारण उमेदवार नोकरी सोडण्याच्या विचारात आहे हे त्यातून उघड होते. म्हणून अनेक नियोक्ते नियुक्तीचा देकार दिल्यानंतरच चालू आस्थापनेत चौकशी करतात, आणि उमेदवारही अर्जात तशी विनंती नोंदवू शकतो. शासकीय व अनुदानित संस्थांतील कर्मचाऱ्यांना अन्यत्र अर्ज करताना ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे तेथे ही गुप्तता राहत नाही.

विनंतीत पदाचे नाव, परिचयाचा काळ, कोणत्या कामाविषयी लिहावे आणि अंतिम तारीख या गोष्टी असाव्यात. जाहिरात व बायोडेटा सोबत जोडल्याने लिहिणाऱ्याचे काम सोपे होते. नकार देण्याची वाट विनंतीतच मोकळी ठेवणे हे सौजन्याचे तर आहेच, पण उमेदवाराच्या हिताचेही आहे, कारण नाइलाजाने दिलेला संदर्भ क्वचितच चांगला असतो. अशा विनंतीचा एक नमुना पुढीलप्रमाणे:

> आदरणीय बाई,
> सा. न. वि. वि.
> जून २०२१ ते एप्रिल २०२३ या काळात आपण मुख्याध्यापिका असताना मी माध्यमिक विभागात विज्ञान शिकवत होते. आता एका निवासी शाळेतील विज्ञान शिक्षिकेच्या पदासाठी अर्ज करीत आहे. माझे वर्गातील अध्यापन आणि प्रयोगशाळेची व्यवस्था यांविषयी आपण शिफारसपत्र देऊ शकाल का? अर्ज २० मेपर्यंत पोहोचायचा आहे. आपणास शक्य नसल्यास किंवा इष्ट वाटत नसल्यास तसे निःसंकोच कळवावे, मी अन्य व्यवस्था करीन. जाहिरात व बायोडेटा सोबत जोडला आहे.

निवडीचा निकाल काहीही लागला तरी तो संदर्भदात्याला कळवणे आणि आभार मानणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात हा टप्पा अनेकदा राहून जातो.

## संदर्भ देण्याची पद्धत

### होकार आणि नकार

विनंती आल्यावर संदर्भदात्यापुढे दोन प्रश्न असतात: या व्यक्तीचे काम आपल्याला पुरेसे ठाऊक आहे का, आणि जे ठाऊक आहे ते नियोक्त्यापुढे निःशंकपणे मांडता येईल का. दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर वेळीच नकार देणे श्रेयस्कर ठरते. मराठी समाजात विद्यार्थी, शेजारी किंवा नातलगाचा मुलगा यांना नाही म्हणणे भिडेमुळे कठीण जाते. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते: भिडेपोटी दिलेले एक खोटे पत्र त्याच संदर्भदात्याच्या पुढील सर्व खऱ्या पत्रांचे मोल कमी करते, आणि त्याचा भुर्दंड नंतरच्या पात्र उमेदवारांना पडतो.

नकार देताना कारणांची जंत्री देण्याची गरज नसते. ‘आपल्या अलीकडच्या कामाचा मला पुरेसा परिचय नाही, ज्यांनी ते पाहिले आहे त्यांचे पत्र आपल्याला अधिक उपयोगी पडेल’ एवढे पुरते. काही वेळा मधला मार्गही असतो: सेवेचा काळ व पद यांपुरते प्रमाणपत्र द्यायचे आणि मूल्यमापन टाळायचे. मात्र आपण फक्त प्रमाणपत्र देत आहोत हे उमेदवाराला आधी सांगणे न्याय्य ठरते.

### मजकूर

चांगल्या शिफारसपत्रात साधारणपणे पाच घटक आढळतात: संदर्भदात्याचा हुद्दा व उमेदवाराशी असलेले नाते, परिचयाचा कालावधी, उमेदवाराकडील जबाबदाऱ्या, त्या पार पाडल्याचे एक-दोन प्रत्यक्ष दाखले, आणि मागितलेल्या पदासाठी तो कितपत योग्य आहे याविषयी स्पष्ट मत.

विशेषणांपेक्षा घटनांना अधिक महत्त्व असते. ‘ते कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ आहेत’ हे वाक्य कोणालाही लागू पडते. त्याऐवजी ‘दोन वर्षे प्रयोगशाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही त्यांच्याकडे होती, दोन्ही वर्षांच्या तपासणीत नोंद व साठा यांत तफावत आढळली नाही’ या वाक्यातून प्रामाणिकपणा व नीटनेटकेपणा हे दोन्ही गुण न सांगता कळतात. मर्यादांविषयी लिहिणे अवघड असते. तरीही कामाशी संबंधित मर्यादा मोजक्या शब्दांत आणि त्या कशा कमी होत गेल्या यासह नोंदवल्यास पत्राची विश्वासार्हता वाढते. उमेदवाराची जात, धर्म, वैवाहिक स्थिती, आजार किंवा गर्भारपण यांचा उल्लेख शिफारसपत्रात अप्रस्तुत समजला जातो.

वेळेअभावी उमेदवारालाच मसुदा लिहायला सांगून त्यावर सही करण्याची प्रथा भारतात बरीच आढळते. त्यामुळे एकाच उमेदवाराची तिन्ही पत्रे एकाच शैलीत येतात आणि निवड समितीच्या ते लक्षात येते. उमेदवाराने केवळ मुद्दे द्यावेत आणि मजकूर संदर्भदात्याने स्वतः लिहावा, हा त्यावरील व्यवहार्य उपाय आहे.

## पडताळणी

मोठ्या आस्थापना, विशेषतः माहिती तंत्रज्ञान व बँकिंग क्षेत्रातील, पूर्वसेवेची पडताळणी बाहेरील संस्थांकडून करून घेतात. नॅसकॉमच्या पुढाकाराने २००६ साली नॅशनल स्किल्स रजिस्ट्री ही नोंदवही त्यासाठीच सुरू झाली. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या सदस्यांना सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागल्यामुळे, कोणत्या आस्थापनेत किती काळ काम केले हे निधीच्या नोंदींवरूनही ताडून पाहता येते. परिणामी तारखा व पदनाम यांसाठी माणसाच्या शब्दावर अवलंबून राहण्याची गरज घटली आहे.

दूरध्वनीवरील चौकशीत ‘तुमच्याकडे जागा असती तर या व्यक्तीला पुन्हा घेतले असते का’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तरातील शब्दांइतकेच उत्तरापूर्वीच्या क्षणभराच्या शांततेवरून अनुमान काढले जाते. अशा अनुमानाला उत्तर देण्याची संधी उमेदवाराला मिळत नाही, हा तोंडी संदर्भाचा मोठा दोष आहे.

## कायदेशीर बाजू

### भारत

प्रत्येक नियोक्त्याने शिफारस केलीच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. सेवेचे प्रमाणपत्र ही मात्र वेगळी बाब आहे. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ खालील केंद्रीय नियमांतील आदर्श स्थायी आदेशांनुसार, सेवेतून बडतर्फ केलेल्या, कमी केलेल्या किंवा निवृत्त झालेल्या प्रत्येक स्थायी कामगाराला सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क आहे. बडतर्फ कामगारही यात येतो, हे लक्षणीय आहे: शिफारस कमवावी लागते, पण केलेल्या कामाची नोंद हा हक्क आहे. हा अधिनियम १०० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनांसाठी होता. तो औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आला असून संहितेत स्थायी आदेशांसाठी ही मर्यादा ३०० कामगारांची आहे.

प्रतिकूल संदर्भामुळे बदनामीचा प्रश्न उद्भवू शकतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये बदनामीचे अपवाद दिले होते. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी अथवा सार्वजनिक हितासाठी सद्भावनेने केलेले विधान त्यांत अपवाद म्हणून मान्य केले आहे. सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन केलेले विधान. ऐकीव माहितीवर आधारलेल्या निंदेला हे संरक्षण मिळणे कठीण.

सरकारी सेवेत वरिष्ठांनी लिहिलेला गोपनीय अहवाल हा बढतीसाठीचा अंतर्गत संदर्भच असतो. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अशा अहवालातील केवळ प्रतिकूलच नव्हे तर प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे ठरवले. ‘चांगला’ हा शेराही, बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत असेल तर, प्रतिकूल ठरतो हे त्या प्रकरणाचे मर्म होते. उमेदवाराने साक्षांकन नमुन्यात माहिती दडवल्यास काय व्हावे, याची मार्गदर्शक तत्त्वे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात आहेत.

### ब्रिटन

स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९४ साली दिलेला निर्णय या विषयातील पायाभूत मानला जातो. विमा क्षेत्रात काम करणाऱ्या एका व्यक्तीविषयी पूर्वीच्या आस्थापनेने अत्यंत प्रतिकूल आणि निष्काळजीपणे तयार केलेला संदर्भ दिला. त्यामुळे तिला नवे काम मिळेना. संदर्भ देणाऱ्यावर कर्मचाऱ्याप्रती वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने मान्य केले. ब्रिटनमध्ये सामान्यतः संदर्भ देणे सक्तीचे नाही. वित्तीय सेवांतील ठरावीक पदांसाठी मात्र मागील सहा वर्षांतील नियोक्त्यांकडून संदर्भ घेणे आवश्यक आहे. २०१८ च्या विदा संरक्षण कायद्याने गोपनीयपणे दिलेले संदर्भ, आपली वैयक्तिक माहिती मागण्याच्या उमेदवाराच्या अधिकारातून वगळले आहेत.

### अमेरिका

अमेरिकेत १९९७ साली दोन महत्त्वाचे निकाल लागले. रॉबिन्सन विरुद्ध शेल ऑइल या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, भेदभावाची तक्रार केल्याबद्दल सूड म्हणून माजी कर्मचाऱ्याविषयी वाईट संदर्भ दिल्याचा आरोप असल्यास त्यालाही कायद्याचे संरक्षण मिळते, असे ठरवले.

दुसरा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा. एका शाळा प्रशासकाविरुद्ध विद्यार्थिनींशी गैरवर्तनाच्या तक्रारी झाल्या होत्या. तरीही त्याच्या पूर्वीच्या शाळा जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांनी त्यांचा उल्लेख न करता त्याची भरघोस स्तुती करणारी पत्रे दिली. नव्या शाळेत त्याने आपल्यावर अत्याचार केल्याची फिर्याद एका तेरा वर्षांच्या मुलीने केली. केवळ मौन बाळगणे वेगळे, पण स्तुती करून धोका लपवणारे अर्धसत्य सांगितल्यास आणि त्यातून इतरांना शारीरिक इजा होण्याचा धोका आधीच दिसत असल्यास, पत्र लिहिणारे जबाबदार ठरू शकतात, असे न्यायालयाने म्हटले. खोट्या शिफारशीची किंमत पत्रात ज्याचे नावही नसते अशा व्यक्तीला मोजावी लागू शकते, हे या प्रकरणातून समोर आले.

अशा दाव्यांच्या भीतीने तेथील अनेक आस्थापना केवळ सेवेच्या तारखा व पदनाम एवढीच माहिती देतात.

### जर्मनी

जर्मनीत कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना लेखी सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि मागणी केल्यास त्यात काम व वर्तन यांचे मूल्यमापनही द्यावे लागते. ते खरे तर असावेच, पण कर्मचाऱ्याच्या पुढील वाटचालीत विनाकारण अडसर ठरू नये, अशी न्यायालयांची भूमिका आहे. या दोन अपेक्षांच्या ओढाताणीतून प्रमाणपत्रांची सांकेतिक भाषा घडली. ‘काम सातत्याने आमच्या परिपूर्ण समाधानास उतरले’ म्हणजे अत्युत्तम. ‘सातत्याने’ व ‘परिपूर्ण’ हे शब्द वगळून नुसते ‘समाधानास उतरले’ म्हणजे जेमतेम. आणि ‘त्यांनी प्रयत्न केला’ म्हणजे असमाधानकारक. वरवरच्या अर्थाहून वेगळे काही सुचवणारी शब्दयोजना कायद्याने निषिद्ध आहे, तरी हा संकेत टिकून आहे. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी अभियंत्यांना व परिचारिकांना हे कागद मिळतात. त्यांचा शब्दशः अर्थ घेतल्यास गैरसमज होऊ शकतो.

## उपयुक्तता आणि टीका

निवडीच्या पद्धतींच्या परिणामकारकतेचा आढावा घेताना श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली संदर्भ चौकशी व पुढील कामगिरी यांतील सहसंबंध ०.२६ इतका दिला. सुसूत्र मुलाखतीसाठी हा आकडा ०.५१ होता. पूर्ण सहसंबंध १ धरल्यास, संदर्भांना पूरक पुरावा म्हणून मोल आहे, पण केवळ त्यावर निवड करणे योग्य नाही, असा याचा अर्थ होतो.

पूर्वग्रहांचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे ट्रिक्स व सेंका यांनी अभ्यासली (२००३). स्त्री उमेदवारांची पत्रे सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंका निर्माण करणारी विधाने अधिक होती. भारतात सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुणवत्तेचा पुरस्कार करणारे मनुष्यबळ व्यवस्थापकही उमेदवाराच्या कौटुंबिक पार्श्वभूमीला महत्त्व देत असल्याचे दिसून आले.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण व नोकरी आहे त्यांना संदर्भदाते सहज मिळतात; पहिल्या पिढीतील पदवीधराला, ऊसतोड कामगाराच्या मुलीला किंवा स्थलांतरित कुटुंबातील तरुणाला हुद्देदार माणसांची ओळख नसते. म्हणून संदर्भ मागणाऱ्या नियोक्त्याने शिक्षक, ग्रंथपाल, कार्यशाळेतील निदेशक अशा व्यक्तींचे संदर्भही तितक्याच गांभीर्याने ग्राह्य धरावेत, अशी मागणी केली जाते. या उमेदवारांच्या बाबतीत शिक्षकाचे पत्र हाच अनेकदा एकमेव संदर्भ असतो. ते मोघम असले तर त्यांच्याकडे दुसरा आधार उरत नाही.

## हेही पाहा

* अनुभव प्रमाणपत्र
* मुलाखत
* शाळा सोडल्याचा दाखला
* गोपनीय अहवाल
* सेवायोजन कार्यालय